ऑडिओ बफर म्हणजे काय? जोडी जुळवलेल्या दोन ट्रान्झिस्टरचं सर्किट घरी कसं बनवायचं आणि अडलं तर दोष कसा शोधायचा?

एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी आणि मध्ये भोसरी, पिंपरी, चिंचवड, चाकणचे कारखाने. या पट्ट्यात दिवसा लेथ आणि वेल्डिंगवर काम करणारे अनेक हात संध्याकाळी भजनी मंडळात पखवाज आणि टाळ धरतात. भजनाचं रेकॉर्डिंग करायचं ठरलं की एक स्वस्त युक्ती हमखास सुचवली जाते. पायझो डिस्क, म्हणजे बझरमध्ये असते ती पितळी चकती, पखवाजाच्या खोडाला चिकटवायची आणि तिची वायर थेट मिक्सरला जोडायची.

आवाज येतो, पण पखवाजाचा नाही. डाव्या पुडीला ओली कणीक लावून मिळवलेला घुमारा गायब असतो आणि मिक्सरमधून नुसती टकटक ऐकू येते. बेस वाढवला तर घरघर वाढते. मग दोष चकतीवर जातो, नाहीतर मिक्सरवर.

प्रत्यक्षात दोन्ही चांगले असतात. दोघांच्या मध्ये एक छोटं सर्किट हवं असतं, ते नसतं. त्याचं नाव बफर. दोन ट्रान्झिस्टर, मूठभर सुटे भाग आणि ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एवढ्यात ते बनतं.

बफर नेमकं काय करतं?

बफर आवाज मोठा करत नाही. १ व्होल्टचा सिग्नल आत गेला तर जवळपास १ व्होल्टच बाहेर येतो. फरक ताकदीत पडतो.

काही स्रोतांना व्होल्टेज देता येतं, पण करंट जेमतेम देता येतो. पायझो चकती त्यातलीच. मिक्सरचा लाइन इनपुट बऱ्याचदा १० किलोओहमच्या आसपास असतो. चकतीसाठी हे ओझं फार जड आहे. बफर चकतीकडून जवळजवळ काहीच करंट घेत नाही आणि पुढच्या मिक्सरला हवा तेवढा करंट स्वतःच्या बॅटरीतून देतो.

हे आकड्यांत पाहू. २७ मिलिमीटरची पायझो चकती विजेच्या भाषेत साधारण २० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरसारखी वागते. ती १० किलोओहमला जोडली की सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचे सूर उतरायला लागतात. पखवाजाचा घुमारा त्याच्या बराच खाली असतो, म्हणून तो जातो आणि टकटक उरते. तीच चकती १ मेगाओहमला जोडली तर ही सीमा ८ हर्ट्झवर येते. माणसाला साधारण २० हर्ट्झपासून वर ऐकू येतं, म्हणजे काहीच हरवत नाही.

दुसरं नेहमीचं उदाहरण लांब वायरचं. १०० किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल मध्यावर असताना त्याचा आउटपुट इम्पिडन्स २५ किलोओहमपर्यंत जातो. पुढे ५ मीटर शिल्डेड वायर असेल आणि तिची कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरड धरली, तर साधारण १२,७०० हर्ट्झच्या वरचे सूर दबतात. टाळांची किणकिण बोथट होते. व्हॉल्यूम कंट्रोलनंतर लगेच बफर लावला की ही अडचण संपते.

कुठे बफर लागत नाही?

मोबाइल, लॅपटॉप किंवा कीबोर्डच्या आउटपुटला याची गरज नसते. त्यांच्या आत असा टप्पा आधीच असतो. हेडफोन किंवा स्पीकर चालवणं हेही या बफरचं काम नाही. यात साधारण ६ मिलिअँपिअर करंट वाहतो. ३२ ओहमच्या हेडफोनवर त्यातून ०.२ व्होल्टसुद्धा मिळत नाहीत.

सर्किट कसं आहे?

यात एन-चॅनल जेफेट जातीचे दोन ट्रान्झिस्टर एकावर एक जोडतात. अमेरिकन डिझायनर नेल्सन पास यांनी २००८ मध्ये 'बी१' नावाचा बफर प्रसिद्ध केला. तोशिबाच्या २एसके१७० या जेफेटच्या जुळवलेल्या जोडीवर उभा असलेला तो बफर जगभरच्या हौशी मंडळींनी घरी बनवला. इथलं सर्किट त्याच तत्त्वावर आहे. एका चॅनलसाठी लागणारे भाग:

- एन-चॅनल जेफेट: २, जुळवलेले
- १० किलोओहम रेझिस्टर: २
- १ मेगाओहम, १ किलोओहम, २२० ओहम आणि १०० किलोओहम रेझिस्टर: प्रत्येकी १
- ०.१ मायक्रोफॅरड मायलर कपॅसिटर: १
- १० आणि ४७ मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर: प्रत्येकी १
- १एन४१४८ डायोड: २
- ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, कनेक्टर, स्विच, झिरो पीसीबी, पत्र्याचा डबा

जोडणी अशी. दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये जोडून १८ व्होल्ट घ्यायचे. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर प्लस आणि ग्राउंडमध्ये एकामागे एक लावायचे. त्यांच्या मध्यावर ९ व्होल्ट मिळतात. या मध्यबिंदूपासून ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जातो.

इनपुट ०.१ मायक्रोफॅरडमधून आत येतो. कपॅसिटरच्या पलीकडच्या टोकाला मध्यबिंदूकडून आलेला १ मेगाओहम जोडायचा आणि तिथूनच १ किलोओहममधून वरच्या जेफेटच्या गेटला जायचं. वरच्याचा ड्रेन प्लसला. वरच्याचा सोर्स आणि खालच्याचा ड्रेन एकत्र, हाच आउटपुटचा बिंदू. खालच्याचे गेट आणि सोर्स दोन्ही ग्राउंडला. आउटपुटच्या बिंदूपासून १० मायक्रोफॅरड, त्याची प्लस बाजू सर्किटकडे. मग २२० ओहम आणि पुढे मिक्सर. बाहेरच्या टोकापासून ग्राउंडला १०० किलोओहम.

पायझोवर जोरात थाप पडली तर क्षणभर बरेच व्होल्ट तयार होऊ शकतात. त्यासाठी १ मेगाओहम आणि १ किलोओहम जिथे भेटतात तिथून दोन डायोड लावायचे, एक प्लसकडे आणि एक ग्राउंडकडे. दोन्हीच्या पट्टीची बाजू प्लसच्या दिशेला. नेहमीच्या वेळी ते बंद असतात.

ट्रान्झिस्टर जुळवायचे कशासाठी?

जेफेटचे गेट आणि सोर्स एकमेकांना जोडले की त्यातून एक ठरावीक करंट वाहतो. त्याला आयडीएसएस म्हणतात. गंमत अशी की एकाच नंबरच्या, एकाच पाकिटातल्या दोन जेफेटचा आयडीएसएस सारखा नसतो. २एसके१७० च्या डेटाशीटमध्येच तीन गट आहेत: जीआर २.६ ते ६.५ मिलिअँपिअर, बीएल ६ ते १२ आणि व्ही १० ते २०. म्हणजे एकाच गटात एक भाग दुसऱ्याच्या दुप्पट करंट घेऊ शकतो.

सर्किटमध्ये खालचा जेफेट आपल्या आयडीएसएसइतका करंट खेचतो. तोच करंट वरच्यातून जावा लागतो. वरच्याचा आयडीएसएस नेमका तेवढाच असेल तर त्याचा गेट आणि सोर्स एकाच व्होल्टेजवर राहतात. गेटवर ९ व्होल्ट तर आउटपुटवरही ९. जोडी जुळली नाही की दोघांत फरक पडतो. २एसके१७० मध्ये १ मिलिअँपिअरची तफावत साधारण ४५ मिलिव्होल्टचा फरक करते.

वरच्या सर्किटमध्ये आउटपुट कपॅसिटर डीसी अडवतो, म्हणून हा फरक चालून जातो. खरा धोका कपॅसिटर काढून प्लस-मायनस सप्लायवर बनवलेल्या बफरमध्ये आहे. पुढचा अँप्लिफायर डीसी कपल्ड असेल आणि २० पट वाढवत असेल, तर ४५ मिलिव्होल्टचे स्पीकरवर ०.९ व्होल्ट होतात. खालच्या जेफेटचा सोल्डर सुटला आणि आउटपुट अर्धा व्होल्ट सरकला तर स्पीकरवर १० व्होल्ट डीसी येतो. ८ ओहमच्या कॉइलमध्ये ती १२.५ वॉटची सततची उष्णता झाली. आवाज न करता स्पीकर जळतो तो असा. म्हणून पहिल्या सर्किटमध्ये आउटपुट कपॅसिटर असलाच पाहिजे.

जोडी कशी जुळवायची?

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. ब्रेडबोर्ड, एक ९ व्होल्टची बॅटरी, १०० ओहमचा रेझिस्टर आणि मल्टिमीटर पुरतो.

१. ड्रेन बॅटरीच्या प्लसला लावा.
२. गेट आणि सोर्स थेट एकमेकांना जोडा.
३. त्या जोडापासून १०० ओहममधून बॅटरीच्या मायनसला जा.
४. रेझिस्टरवरचे मिलिव्होल्ट मोजा. ६०० मिलिव्होल्ट म्हणजे ६ मिलिअँपिअर.

इथे दोन चुका सर्रास होतात. पहिली, गेट सोर्सऐवजी मायनसला लावणं. मग रेझिस्टरचं व्होल्टेज गेटवर उलटं पडतं आणि आकडा कमी येतो. दुसरी, बोटात धरलेला जेफेट लगेच मोजणं. तापमान बदललं की करंटही बदलतो. प्रत्येक भाग लावल्यावर अर्धा मिनिट थांबून, सगळे एकाच बैठकीत आणि पंख्याच्या झोतापासून दूर मोजा. आकडा कागदाच्या चिठ्ठीवर लिहून त्या भागालाच चिकटवा.

दहा नग घेतले तर ५ टक्क्यांच्या आत बसणाऱ्या एक-दोन जोड्या सापडण्याची चांगली शक्यता असते. थोडा फरक राहिलाच तर जास्त आयडीएसएसवाला वर लावायचा. उलट लावला तर वरच्याचा गेट सोर्सपेक्षा प्लस होतो आणि तफावत मोठी असेल तर गेटमधून करंट वाहू लागतो.

भाग कुठे मिळतील आणि नकली कसे ओळखायचे?

पुण्यात सुट्या भागांसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली हा जुना पत्ता. २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो पीसीएमसीहून थेट स्वारगेटपर्यंत जाते. कसबा पेठ किंवा मंडई स्थानकावर उतरून गल्ली चालत गाठता येते. औद्योगिक पट्ट्यातल्या अनेक कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे बाजार चालू असताना जाणं जमतं.

तोशिबाने २एसके१७० चं उत्पादन थांबवलं आहे. लिनिअर सिस्टिम्स ही कंपनी एलएसके१७० नावाचा त्याच धाटणीचा भाग बनवते. मूळ भाग बंद झाल्यामुळे दुसऱ्याच ट्रान्झिस्टरवर २एसके१७० छापून विकणं जगभर चालतं. ओळखण्याच्या सोप्या चाचण्या:

- मल्टिमीटरने ड्रेन आणि सोर्समधला रेझिस्टन्स मोजा. खऱ्या २एसके१७० मध्ये दोन्ही दिशांना काही दहा ओहम दिसतात. काहीच दिसलं नाही तर तो साधा एनपीएन किंवा पीएनपी असू शकतो.
- डायोड मोडमध्ये लाल प्रोब गेटवर ठेवा. सोर्स आणि ड्रेन, दोन्हीकडे ०.६ ते ०.७ व्होल्ट दिसायला हवेत.
- आयडीएसएस छापलेल्या गटात बसतो का पाहा. जीआर लिहिलेला भाग १२ मिलिअँपिअर देत असेल तर छपाई खोटी आहे.

इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाच्या प्रयोगशाळेत दिसणारा धातूच्या टोपीचा बीएफडब्ल्यू१० देखील जेफेटच आहे. त्याचा आयडीएसएस ८ ते २० मिलिअँपिअर असतो, म्हणजे पसारा मोठा. शिवाय तेवढ्याच तफावतीला त्यात व्होल्टेजचा फरक २एसके१७० पेक्षा कितीतरी जास्त पडतो. म्हणून तो वापरायचा तर जुळवाजुळव आणखी काटेकोर हवी. त्याला चार पाय असतात. चौथा पाय टोपीला जोडलेला असतो, तो ग्राउंडला लावायचा. भाग कोणताही असो, पायांचा क्रम डेटाशीटवरून पाहूनच सोल्डर करा.

सर्किट चालत नाही, तर सुरुवात कुठून?

बहुतेक जण ट्रान्झिस्टर उपटून नवा लावतात आणि कष्टाने जुळवलेली जोडी मोडतात. त्याआधी काळा प्रोब ग्राउंडला ठेवून फक्त तीन जागा मोजा:

- सप्लाय: १८ व्होल्टच्या आसपास.
- दोन १० किलोओहमचा मध्यबिंदू: सप्लायच्या निम्मे, म्हणजे ९.
- आउटपुटचा बिंदू, कपॅसिटरच्या आतल्या बाजूला: मध्यबिंदूइतकेच, काही मिलिव्होल्ट इकडेतिकडे.

तिसरा आकडा दोष कुठे आहे ते सांगतो.

० व्होल्ट असतील तर वरचा जेफेट तुटलेला आहे, नीट सोल्डर झालेला नाही किंवा खालचा शॉर्ट आहे. १८ असतील तर वरचा शॉर्ट आहे किंवा सोल्डरचा थेंब ड्रेन-सोर्समध्ये सांडला आहे. ९ च्या थोडे वर, समजा ९.५ असतील, तर खालचा करंट खेचत नाही. त्याच्या सोर्सचं ग्राउंड तपासा. ९ बरोबर असतील आणि तरी आवाज नसेल तर जेफेट बहुधा ठीक आहेत. वायर, जॅक आणि कपॅसिटर पाहा. ६.३५ मिलिमीटरची मोठी पिन, जिला दुकानात पी-३८ म्हणतात, तिच्या आत शिल्डची एखादी तार मधल्या टोकाला टेकलेली सापडते.

मल्टिमीटरच चुकीचं सांगू शकतो का?

हो. नवशिक्यांचे सगळ्यात जास्त तास इथेच वाया जातात.

वरच्या जेफेटच्या गेटवर खरे ९ व्होल्ट असतात, पण ते १ मेगाओहममधून आलेले असतात. मल्टिमीटरचा स्वतःचा इनपुट १० मेगाओहम असेल तर तिथे ८.२ व्होल्ट दिसतात. काही स्वस्त मीटरचा इनपुट फक्त १ मेगाओहम असतो. त्यावर ४.५ दिसतात. सर्किट ठीक असतं, पण आकडा पाहून रेझिस्टर बदलले जातात, मग जेफेट बदलले जातात आणि आकडा तसाच राहतो.

कारण प्रोब टेकवताच मीटरनेच सर्किटवर ओझं टाकलेलं असतं. पायझो चकतीवर मिक्सर टाकतो तसंच. म्हणून गेटवर थेट मोजायचं नाही, मध्यबिंदूवर आणि आउटपुटवर मोजायचं. आउटपुटवर तोच स्वस्त मीटर बरोबर आकडा दाखवतो, कारण तिथे मीटरचं ओझं बफर उचलतो.

हमिंग येतंय, काय करायचं?

आधी ते कोणत्या प्रकारचं आहे ते ओळखा. बफर बॅटरीवर असेल आणि इनपुटची वायर हाताने धरल्यावर घूं आवाज कमी-जास्त होत असेल, तर ५० हर्ट्झची घरगुती वीज हवेतून आत शिरते आहे. इनपुटला शिल्डेड वायर वापरा, सर्किट पत्र्याच्या डब्यात बसवा आणि डबा ग्राउंडला एकाच जागी जोडा. बिस्किटाचा रिकामा पत्र्याचा डबाही चालतो. प्लास्टिकचा डबा इथे काही उपयोगाचा नाही.

बॅटरीऐवजी अडॅप्टर लावल्यावरच आवाज येत असेल तर दोष अडॅप्टरच्या फिल्टरिंगमध्ये आहे. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर थांबत असेल तर ग्राउंड लूप आहे. लॅपटॉप बॅटरीवर चालवा किंवा सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या.

एक 'उपाय' मात्र कधीही करू नये. हमिंग थांबवायला प्लगची तिसरी, म्हणजे अर्थिंगची पिन काढण्याचा सल्ला मांडवात सहज दिला जातो. हमिंग कधीकधी थांबतंही. पण त्यानंतर अँप्लिफायरमध्ये लीकेज झालं तर २३० व्होल्ट माइकच्या धातूच्या बॉडीपर्यंत येऊ शकतात, आणि माइक धरणारा बऱ्याचदा ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असतो.

वर्कशॉपच्या शेजारी राहणाऱ्यांना आणखी एक त्रास होतो. वेल्डिंग मशीन आणि मोटारींचे ड्राइव्ह चालू झाले की चरचर येते. त्यावर बॅटरी, पत्र्याचा डबा आणि आखूड इनपुट वायर हाच इलाज. मध्येच रेडिओ ऐकू येत असेल किंवा शिट्टी वाजत असेल तर गेटचा १ किलोओहम जेफेटच्या पायाला अगदी लागून आहे का ते पाहा. तो दूर असेल तर मधली वायर अँटेनासारखी वागते.

आवाज फाटतो किंवा थप होतो, ते का?

आधी बॅटरी मोजा. सर्किट साधारण ७ मिलिअँपिअर घेतं. ५०० मिलिअँपिअर-तासांच्या अल्कलाइन बॅटऱ्या कागदावर ७० तास पुरतात. व्होल्टेज उतरलं की मोठ्या थापेचं टोक कापलं जातं. दोन्ही बॅटऱ्या एकदमच बदला.

चालू करताना येणारी 'थप' हा दोष नाही. कपॅसिटर चार्ज होताना ती येते. पण मोठ्या स्पीकरला ती सोसत नाही. म्हणून क्रम पाळायचा: आधी बफर चालू, मग अँप्लिफायर. बंद करताना आधी अँप्लिफायर, मग बफर. पहिल्या चाचणीला अँप्लिफायरचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवून हळूहळू वाढवा.

हे शिकून पुढे काय?

कमकुवत सिग्नलवर ओझं न टाकता तो पुढे नेणं, ही गरज फक्त संगीतात नाही. कारखान्यातल्या सेन्सरपासून गाडीच्या म्युझिक सिस्टिमपर्यंत ती सगळीकडे आहे. चाकणमध्ये हार्मनचा कार ऑडिओ आणि इन्फोटेन्मेंटचा कारखाना आहे. तिथली सर्किट्स कितीतरी गुंतागुंतीची असतात, पण स्रोताचा इम्पिडन्स आणि पुढचं ओझं यांचं गणित तेच.

घरच्या बफरची शेवटची परीक्षा मात्र पखवाजावरच घ्यायची. चकती खोडावर घट्ट बसवा, आधी थेट मिक्सरला लावून ऐका आणि मग बफरमधून ऐका. फरक आवाजाच्या मोठेपणात नाही, डाव्या हाताच्या थापेत शोधा. घुमारा आला तर सर्किट बरोबर आहे. नाही आला तर काही बदलण्याआधी मीटर हातात घ्या आणि त्या तीन जागा मोजा.